गावतळ्यातलं केंदाळ : उपटावं, मारावं की किडे सोडावेत?

तळ्याकाठचा
बेळगाव तालुक्यातलं गावतळं आहे. पाणी साधारण ३ एकर, उन्हाळ्यात मधोमध ६-७ फूट. पूर्वेला मातीचा बांध, दक्षिणेच्या टोकाला सांडवा, पश्चिमेकडून गावाचं गटार थेट आत. जलपर्णीनं, म्हणजे आमच्याकडच्या केंदाळानं, पाणी दिसेनासं झालंय. ग्रामपंचायतीत तीन पक्ष पडलेत. एक म्हणतो पोकलेन लावा, दुसरा म्हणतो तणनाशक मारा, तिसरा म्हणतो किडे सोडले की फुकटात काम होतं. तळ्याचं पाणी जनावरं पितात, आणि बांधाखालच्या ८-१० एकर भात-भाजीला जातं. पावसाआधी ठरवायचंय. तिन्हींचं खरं-खोटं मापासकट सांगा. फोटो जोडलेत.

कुंदावाला
आधी गटार बंद करा. बाकीचा धागा सावकाश वाचतो.

पाढे_पाठ
पद्धत कुठली ते नंतर. आधी हे गणित पंचायतीत फळ्यावर मांडा.

सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उन्हाळ्यात साधारण १० ते १५ दिवसांत दुप्पट होते. मधला १२ धरू. तळ्यातली ९० टक्के काढली आणि १० टक्के राहिली, तर १०-२०-४०-८० करत ४० दिवसांत तळं पुन्हा भरतं. ९९ टक्के काढली तरी ८० दिवस, म्हणजे पावणेतीन महिन्यांच्या वर काही नाही. ‘तळं स्वच्छ झालं’ म्हणून नारळ फोडून फोटो काढतात, तेव्हा काठाच्या लव्हाळ्यात हीच एक टक्का लपलेली असते. खर्च ९९ टक्क्यांवर होतो आणि यश-अपयश ठरतं त्या एकावर.

रताळं_चंदगडी
सावकाराचं व्याज बरं म्हणायचं. ते निदान वर्षानं तरी दुप्पट होतं.

लोखंडी_पंजा
पोकलेनवाल्यांच्या बाजूनं बोलतो, पण वजन डोक्यात ठेवून.

दाट वाढलेल्या जलपर्णीचं वजन चौरस मीटरला २५ ते ३० किलो भरतं. गुंठ्याला अडीच-तीन टन, एकरी १०० ते १२०, तुमच्या तीन एकराला ३०० टनांच्या वर. त्यातलं ९५ टक्के नुसतं पाणी. देठ फुगे असल्यासारखे पोकळ, त्यामुळे ट्रॉली शिगोशीग भरते पण वजन एक-दीड टनाच्या पुढं जात नाही. ओलं वाहून न्यायचं म्हटलं तर २००-३०० खेपा मोजाव्या लागतील. म्हणून काठावर काढून ५-६ दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग उचलायचं.

पोकलेनचा हात. साधं २० टनी मशीन ९-१० मीटरपर्यंत पोचतं, लाँग बूम १५ ते १८ मीटर. तळ्याच्या मध्याला दोन्ही पोचत नाहीत. मधलं केंदाळ काठाला आणायला दोर लागतो. १६ ते २० मिमीचा नायलॉन दोर, दर दीड-दोन मीटरला रिकामा बंद कॅन बांधून तरंगता केलेला. होडीतून किंवा तराफ्यावरून दोराचा फास मोठ्या तुकड्याभोवती टाकायचा आणि दोन्ही टोकं काठावरून ओढायची. एका वेळी ४-५ गुंठ्यांपेक्षा मोठा तुकडा घेऊ नका. ओलं केंदाळ एकमेकांत गुंतलेलं असतं, मोठा तुकडा हलतच नाही आणि दोर तरी तुटतो नाहीतर माणसं पाण्यात.

बकेट मातीचं वापरू नका. प्रत्येक घासाला अर्धं बकेट पाणी आणि गाळ येतो. २० मिमीच्या सळया चार बोटांच्या अंतरानं वेल्डिंग करून जाळीचं बकेट बनवून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला समजतं.

आणि मशीन मातीच्या बांधावर चढवू नका. बांधाचा माथा तीन-साडेतीन मीटर रुंद असला तरी २० टनांच्या हादऱ्यानं आतली बाजू घसरते. सांडव्याकडची कठीण जमीन बघा.

मार्कंडेयकाठ
पंजाकाकांना पूर्ण अनुमोदन, एक भर. आपल्याकडं मार्चपासून दुपारचा वारा पश्चिमेचा. केंदाळ शिडासारखं वाऱ्यावर चालतं. सकाळी पश्चिमेकडचा पट्टा कोयत्यानं कापून मोकळा करून ठेवा, दुपारी तो आपसूक बांधाच्या अंगाला जमतो. तिथून दोरानं दक्षिणेला सांडव्याकडं सरकवायचा. वाऱ्याविरुद्ध ओढलं तर दुप्पट माणसं लागतात वो.

दूधगंगा_वेदगंगा
अवांतर, पण नदीकाठच्यांना उपयोगी पडेल. निपाणी-चिकोडीकडं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरला की बरगे (खांबांमधल्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. मधले सात-आठ महिने बंधाऱ्यामागं नदीचं तळंच होतं. तिथंच केंदाळ माजतं. जूनला बरगे काढले की सगळा लोंढा खांबांना येऊन तटतो, पाणी तुंबतं, काठची शेतं खचतात. सुटलाच तर खालच्या गावच्या बंधाऱ्यावर पाहुणा.

उपाय म्हणजे बंधाऱ्याच्या वर तरंगता अडसर. २०० लिटरचे प्लास्टिक पिंप दर तीन मीटरला, त्यातून १२ मिमीची वायर रोप, खाली दीड फूट लोंबणारी जाळी. महत्त्वाचं म्हणजे अडसर नदीला आडवा काटकोनात बांधायचा नाही. ३०-४० अंशांत तिरका बांधला की केंदाळ घसरत एका काठाला जातं, तिथं मशीन उभं. काटकोनात बांधला तर मधे पोट येऊन ताण वाढतो आणि रोप तुटते. पाण्याला ओढ जास्त असली तर लोंढा जाळीखालून सुळकन निसटतो, म्हणून हे काम बरगे काढायच्या आधीचं.

तळ्याकाठचा
वजनाचं आणि वाऱ्याचं लिहून घेतलं. तणनाशकाचं कुणी सांगेल का? पंचायतीतला मोठा पक्ष तोच आहे. दोन दिवसांत पिवळं पडतं म्हणतात.

फवारा
पिवळं पडतं हे खरं. टू-फोर-डी अमाइन साल्ट ५८ टक्के हे जलपर्णीवर जुनं आणि लागू पडणारं औषध. हेक्टरी सक्रिय घटक एक किलोच्या आत-बाहेर, म्हणजे तीन एकराला दोन लिटरच्या आसपास. पाणी हेक्टरी ५०० लिटर, पानं ओली होतील पण ओघळणार नाहीत असं. फुलं यायच्या आधी, उघड्या उन्हात, पुढं ६ तास पाऊस नको. तीन दिवसांत देठ पिळवटतात, दोन-तीन आठवड्यांत बुडायला लागतं. मजूर कमी, वेळ कमी. विरोध करणाऱ्यांनी ३०० टन उपसून दाखवावं, मग बोलावं :)

भाजीपाला_मार्केट
फवारा, औषध लागू पडतं यात वाद नाही. वाद आहे तो वाऱ्याचा. टू-फोर-डी गवतवर्गीय पिकाला सोसतं, म्हणून उसात चालतं. रुंद पानाला नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, कापूस, द्राक्ष यांना नुसता उडता वास लागला तरी पानं चमच्यासारखी वळतात, शेंडा पंख्यासारखा होतो. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. टू-फोर-डीचा एस्टर प्रकार तर फवारल्यानंतरही उन्हानं वाफ होऊन पसरतो. या तळ्याखाली भाजी आहे असं धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. फवारलेलं पाणी पाटानं त्याच भाजीला जाणार.

पाणथळ
त्यात मासे घाला. ३०० टन केंदाळ एकदम मेलं की तळाला जाऊन कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. तीन-चार दिवसांनी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की समजायचं. म्हणून फवारायचंच असेल तर एका वेळी तिसरा हिस्सा, आणि मधे दोन-तीन आठवडे. शिवाय मेलेल्यातलं नत्र-स्फुरद तळ्यातच राहतं, ते पुढच्या पिढीचं खत. औषधानं झाड मरतं, कारण मरत नाही.

ग्लायफोसेटचा विषय कुणी काढायच्या आत : २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ते परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांकडूनच वापरायचं आहे. पंचायतीच्या शिपायाच्या पाठीवर पंप देऊन होणारं काम नव्हे. आणि जनावरं जे पाणी पितात त्यात कुठलंच मारू नका.

फवारा
जनावरांचं मान्य. ते वाचायचं राहून गेलं.

खारा_दाणा
एक भाबडा प्रश्न. खाऱ्या पाण्यात जलपर्णी मरते म्हणतात. मग मीठ टाकून बघितलं तर?

पाढे_पाठ
बघा की! लिटरला ६ ते ८ ग्रॅम मीठ झालं की ती खरंच मरते. तीन एकर गुणिले सरासरी दीड मीटर म्हणजे १८ हजार घनमीटर पाणी. घनमीटरला ६ किलो धरले तरी १०८ टन मीठ. दहा टनी ट्रक अकरा लागतील. केंदाळ जाईल, त्यानंतर भातही जाईल, आणि मग तळ्यात पापलेट सोडता येईल.

कुंदावाला
पापलेटच्या धाग्याला माझा पाठिंबा. गटार बंद केलं का?

सोंडकिडा
किड्यांबद्दल बरेच गैरसमज दिसतात, जरा लांब लिहितो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिचे शत्रू तिकडंच राहिले म्हणून ती इथं मोकाट. नियोचेटिना नावाच्या दोन जातींचे सोंडकिडे १९८२ च्या सुमारास भारतात आणले गेले, आधी बेंगळूरुत चाचण्या झाल्या आणि मग तिथल्या तळ्यांत सोडले. तिथल्या काही तळ्यांत आणि मणिपूरच्या लोकताक सरोवरात त्यांनी चांगला परिणाम दाखवला. पुढं आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही हेच वापरले. ते दुसऱ्या पिकावर जात नाहीत. गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगेरा आपल्याकडं पावसाळ्यात सगळ्यांनी बघितलाय, तोच प्रकार.

प्रौढ किडा ४-५ मिलीमीटर, करडा, दिवसा देठांच्या बेचक्यात लपतो, रात्री पान कुरतडतो. पानावर तांदळाच्या कणीएवढे चौकोनी फिकट खरवडे दिसतात. पण खरं नुकसान अळी करते. ती देठ पोखरत खाली गाभ्यापर्यंत जाते, देठ कुजतो, त्यात पाणी शिरतं, झाड हळूहळू खाली बसतं. कोष पाण्याखालच्या जिवंत मुळांवर होतो. अंड्यापासून प्रौढापर्यंत तीन-चार महिने. केंदाळ १२ दिवसांत दुप्पट, किडा चार महिन्यांत एक पिढी. म्हणून परिणाम दिसायला तीन वर्षं धरा, कधी जास्त. ‘फुकटात’ हा शब्द खरा, ‘पावसाआधी’ हा नाही.

कुठं फसतं तेही सांगतो. वाहत्या नदीत किडे झाडांसकट वाहून जातात. सांडपाण्यावर पोसलेलं झाड खाल्लेल्यापेक्षा वेगानं नवीन पान काढतं. फवारणी केली तर झाडाबरोबर कोषही मरतात. आणि पोकलेननं सगळं काढलं तर किडेही ट्रॉलीत बसून खताच्या ढिगात जातात.

बाहेरून आणण्याआधी तळ्यात आधीच आहेत का ते बघा. चाळीस वर्षांत ते बरेच पसरलेत. वेगवेगळ्या जागची २० झाडं घ्या, प्रत्येकाचं वरून दुसरं उघडलेलं पान बघा, खरवडे मोजा. दोन-तीन देठ उभे चिरा, आत काळपट बोगदा आणि पांढरी बिनपायाची अळी सापडते का बघा. नसेल तर बेंगळूरुची कृषी कीटक संसाधनांची राष्ट्रीय संस्था किंवा जबलपूरचं तण संशोधन संचालनालय यांच्याकडं लेखी विचारणा करा. आणताना किडे असलेली झाडं ओल्या पोत्यात, रात्रीच्या प्रवासात.

मार्कंडेयकाठ
सोंडकिडा साहेब, दंडवत. तिसरा फोटो मोठा करून बघा. पश्चिमेच्या कोपऱ्यात गटाराच्या तोंडाशी जे बारीक घडीदार पानांचं दिसतंय, ते जलपर्णी वाटत नाही.

सोंडकिडा
बरोबर पकडलंत. ते साल्व्हिनिया दिसतंय. पानावर बारीक केस, केसांची टोकं अंडं फेटायच्या यंत्रासारखी एकत्र जुळलेली असतात, भिंगातून बघून खात्री करा. त्याला नियोचेटिना तोंड लावत नाही. त्याचा किडा वेगळा, सिर्टोबेगस, दीड-दोन मिलीमीटरचा, आणि तो जलपर्णीला तोंड लावत नाही. मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा जलाशयावर जबलपूरवाल्यांनी हाच सोडून साल्व्हिनिया आटोक्यात आणलं. जलपर्णी काढली की उजेड मिळून साल्व्हिनिया ती जागा घेतं. दोन्ही एकदम काढा. ते दोरानं येत नाही, त्याला बारीक जाळी लागते.

रताळं_चंदगडी
आणि गवत्या मासा? आमच्याकडं सगळे तोच सांगतात.

पाणथळ
गवत्या मासा पाण्याखालचं हायड्रिला आवडीनं खातो. जलपर्णीची मुळं कुरतडेल, पण तिला संपवणार नाही. केंदाळाखाली प्राणवायू इतका कमी असतो की आधी मासाच संपायचा.

अर्जफाटे
विषयांतर करतो, पण काम अडतं ते इथंच. अर्जात ‘केंदाळ’ लिहिलं तर तालुक्यातला कारकून वर बघतो, ‘जलपर्णी’ लिहिलं तर कुठली देवी विचारतो. कन्नडमध्ये ‘अंतरगंगे’ लिहा. मूळ अंतरगंगे म्हणजे कोबीच्या गड्ड्यासारखं दिसणारं दुसरंच पाणतण, पण कार्यालयात आणि पेपरात जलपर्णीलाही तेच म्हणतात. आणि अर्ज कुणाकडं? तळ्याचं लाभक्षेत्र ४० हेक्टरपर्यंत असेल तर पंचायतीकडं, त्यावर लघु पाटबंधारे. तुमची ८-१० एकर, म्हणजे पंचायतच. गाळ काढणं सरकारी रोजगार हमीत बसतं, तिकडं ‘उद्योग खात्री’ म्हणा.

कुंदावाला
गंगेचं नाव देऊन गटारात ठेवली. वा.

शेणखत
काढलेल्याचं काय करायचं हे कुणीच विचारलं नाही.

काठावर टाकताना पावसाळ्यातल्या पाणीपातळीच्या वर टाका. पहिल्या वळवात परत तळ्यात गेलेली उदाहरणं पायलीला पन्नास. गाभा जिवंत असलेला अंगठ्याएवढा तुकडासुद्धा फुटतो.

खत करायचं तर मुळं छाटून वेगळी काढा. कारखान्याचं पाणी येणाऱ्या नाल्यातली असेल तर जड धातू मुख्यतः मुळांत साठतात. तसल्या नाल्यातली खताला घेऊच नका. बाकीचं ४-५ बोटांचे तुकडे करून, मुठीत दाबल्यावर थेंब न पडण्याइतकं सुकवा. एक फूट थर, त्यावर शेणकाला, वर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा, असं पाच फुटांपर्यंत. नुसतं ओलं केंदाळ रचलं तर दोन दिवसांत बसून लगदा होतो, हवा जात नाही, वास सुटतो. ढीग आतून ५५-६० अंश तापला पाहिजे, दर १५ दिवसांनी पालथा घाला, तीन महिन्यांत तयार. फुलं-बोंडं आलेलं केंदाळ असेल तर ते खत भातात नको. बी जगलं तर साचल्या पाण्यात उगवतं. उसाला, आंब्याला चालेल.

गोबर गॅसला घालणार असाल तर बारीक कुटून शेणात मिसळा. अख्खे तुकडे वर तरंगून साय धरतात आणि तोंड तुंबतं. आणि एवढं पाणी असलेल्या गोष्टीला वैरण म्हणू नका. गुरं तोंड लावतात, पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

पाढे_पाठ
कुंदावाल्यांची थट्टा पुरे, ते एकटेच मुद्द्यावर आहेत. एकरी १०० टन केंदाळात कोरडा भाग ५ टन. त्यात नत्र दोन टक्के धरलं तर १०० किलो. संडासाचं पाणी धरून माणशी दिवसाला साधारण १० ग्रॅम नत्र गटारात जातं. गाव हजाराचं असेल तर रोज १० किलो. म्हणजे एक एकर केंदाळ उपसून तळ्यातून जेवढं नत्र बाहेर काढलंत, तेवढं दहा दिवसांत परत आलं. तीन एकर म्हणजे महिना.

मार्कंडेयकाठ
बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं दरवर्षी काय होतं ते शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना विचारा. पावसाळ्यात जलपर्णीनं नाला तुंबतो आणि बासमतीच्या शेतात पाणी.

तळ्याकाठचा
सगळ्यांचे आभार. मग क्रम काय लावू? गटार वळवायला दुसरीकडं उतारच नाही. गाव साधारण हजाराचंच.

पाणथळ
वळवता येत नसेल तर गाळून घ्या. गटाराच्या तोंडाशी आधी गाळ बसायचा खड्डा, मग दोन फूट खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. माणशी १ ते २ चौरस मीटर, म्हणजे हजार माणसांना १० ते २० गुंठे. एवढी जागा पश्चिमेला नसेल तर तळ्याचाच तो कोपरा मातीचा आडबांध घालून तोडा. मोठं गटार लहान तळ्यात, लहान तळं मोठ्यात. खड्डा सहा महिन्यांनी उपसला नाही तर खडी चोंदते आणि मग सगळे म्हणतात वाफ्याची कल्पनाच खोटी. सगळं नत्र यानं अडत नाही, पण दुपटीचे दिवस वाढतात.

लोखंडी_पंजा
क्रम माझा असा. पाणी सर्वांत कमी असताना, एप्रिलमध्ये, आडबांध आणि खड्डा. लगेच पाठोपाठ दोर आणि मशीन, १५ दिवसांत आटपेल असं. रेंगाळलात तर पाढेकाकांचे १२ दिवस सुरू होतात. पश्चिमेकडून पूर्वेला, साफ झालेल्या भागात तरंगता दोर आडवा बांधून, म्हणजे मागं परत पसरत नाही. शेवटचे चार दिवस मशीन परत पाठवा आणि फक्त माणसं, काठाकाठानं बुट्टी घेऊन. गमबूट, हातमोजे, पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, काठावर दुसरा धरून. केंदाळावर पाय ठेवून चालायचं नाही, खाली किती पाणी ते दिसत नाही. पायाला जखम असलेल्याला उतरवू नका.

फवारा
तळं पूर्ण आटवून उन्हात वाळवलं तर? बिनऔषधाचं विचारतोय, मारू नका.

सोंडकिडा
झाडं मरतील, पण बी चिखलात १५-२० वर्षं जगतं, आणि उघड्या चिखलाला ऊन-पाऊस मिळाला की तेच उगवतं. पूर्ण आटवलं तर वरचा एक-दीड फूट गाळही काढून न्या, तरच अर्थ आहे.

किड्यांचा एक कोपरा मात्र ठेवा. त्या तोडलेल्या लहान तळ्यात दोराच्या आत दोन गुंठे जलपर्णी जिवंत. तिथं किडे वाढतील, मोठ्या तळ्यात चुकून राहिलेल्या झाडांवर पोचतील.

पाढे_पाठ
याला विरोध. दोर तुटला तर दोन गुंठे म्हणजे तीन एकराचा जवळजवळ पावणेदोन टक्के. सत्तर दिवस.

सोंडकिडा
म्हणून दुहेरी दोर, आणि आडबांधाला जाळीचं तोंड. पण पहिल्या वर्षी माणसं राखणीला नसतील तर तुमचंच बरोबर, सगळं काढा.

तळ्याकाठचा
राखण होणार नाही. सगळं काढतो. पावसानंतर काय बघायचं?

लोखंडी_पंजा
पहिला जोरदार पाऊस झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात काठानं फेरी. रोपटी नखाएवढी, पानं चपटी, देठ अजून फुगलेले नसतात, म्हणून लोक गवत समजून सोडतात. दोन बोटांत धरून मुळासकट येतात. त्यानंतर दर दहा दिवसांनी, दिवाळीपर्यंत. बुट्टी भरली तर पुढची फेरी आठव्या दिवशी.

कुंदावाला
आणि पश्चिमेचा खड्डा उपसायची तारीख आत्ताच पंचायतीच्या ठरावात घाला. नंतर विचारायला मी येणारच आहे.